कुत्रा का भुंकला नाही हे कळायला आधी कुत्रा कळावा लागतो

गेल्या महिन्यात आमच्या वाचनगटात रहस्यकादंबऱ्यांवर चर्चा झाली आणि ती अशी काही वाकड्या वाटेने गेली की घरी आल्यावरही डोकं शांत होईना, म्हणून हे लिहायला बसलेय. मुद्दा साधाच होता, रहस्यकादंबरीत माणसं ठसठशीत, लक्षात राहणारी असायला हवीत का, की कोडं जबरदस्त असलं की झालं. एका बाजूचं म्हणणं असं की प्लॉट घट्ट हवा, सस्पेन्स शेवटपर्यंत टिकायला हवा, बाकी कुणाला काय खायला आवडतं आणि कुणाचं लहानपण कसं गेलं हे सगळं पाणी घालणं. दुसऱ्या बाजूला आमच्यातले ‘गंभीर’ साहित्य वाचणारे, ते म्हणाले रहस्यकथेत कुठली आलीत माणसं, त्या तर सोंगट्या, एक सोंगटी मरते, एक मारते, एक शोधते, आणि म्हणूनच याला साहित्य म्हणता येत नाही. दोन तास हेच. आणि मला सारखं वाटत होतं की हे दोघं भांडतायत खरे पण चूक एकच करतायत. दोघांनाही व्यक्तिरेखा म्हणजे भाजी झाल्यावर वरून भुरभुरायची कोथिंबीर वाटते. एकाला ती नकोच असते आणि दुसरा म्हणतो तुमच्या भाजीत ती नाहीच. माझं म्हणणं सरळ आहे. रहस्यकादंबरीत माणसाचा स्वभाव हाच पुरावा असतो, माणसं धड उभी केली नाहीत तर कोडंच उभं राहत नाही, आणि आपल्याला त्या माणसांची ओढ लागते तीसुद्धा याच कारणाने.

सगळ्यात गाजलेला क्लू घ्या. शेरलॉक होम्सची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही १८९२ ची गोष्ट, शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून गायब झालाय, त्याचा ट्रेनर माळावर मरून पडलाय, आणि होम्स म्हणतो त्या रात्री कुत्र्याचं जे झालं ते विचित्र आहे. पोलीस अधिकारी म्हणतो, कुत्र्याने तर काहीच केलं नाही. तेच विचित्र आहे, होम्स म्हणतो. आता यात क्लू नक्की कुठे आहे? शांतता हा पुरावा कधीपासून झाला? तबेल्याचा कुत्रा परक्यावर भुंकतो आणि ओळखीच्या माणसावर भुंकत नाही हा त्याचा स्वभाव आपल्याला माहीत असतो तेव्हाच ना? तो स्वभाव काढून टाका, न भुंकणं म्हणजे नुसतं न भुंकणं उरतं. बुटाचा ठसा, फुटलेलं घड्याळ, अर्धवट जळलेलं पत्र, सगळ्यांची हीच गत आहे. वस्तू स्वतःहून काही बोलत नाही, हा माणूस एरवी असं करत नाही हे आपल्याला माहीत असेल तरच ती बोलायला लागते. कोर्टातसुद्धा हे मान्य होतं, १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ८ व्या कलमात हेतू, तयारी आणि आधीचं-नंतरचं वर्तन या गोष्टी धरल्या होत्या. आता कुणी म्हणेल की आरोपी वाईट चालीचा आहे एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही हेही त्याच कायद्यात होतं, आणि ते बरोबरच आहे, पण मी ‘चांगला’ ‘वाईट’ असा शिक्का मारण्याबद्दल बोलतच नाहीये, मी बोलतेय त्या विशिष्ट माणसाच्या विशिष्ट सवयीबद्दल.

कोडेवाल्यांची बाजू हलकी नाही हे आधी मान्य करते. त्यांचा सगळ्यात जुना वकील म्हणजे अमेरिकेतला एस. एस. व्हॅन डाइन, त्याने १९२८ साली रहस्यकथेचे २० नियम लिहिले आणि त्यातल्या एकात स्पष्ट सांगितलं की लांबलचक वर्णनं नकोत, वातावरणनिर्मितीत रमणं नको, बारीक स्वभावचित्रण नको, या गोष्टींनी तपास खोळंबतो. हा माणूस कलासमीक्षक होता, त्याला साहित्य कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. आणि त्या म्हणण्यात दम आहे. वाचक अशा पुस्तकाकडे एका करारावर येतो, मला सगळे धागे दाखव, मी तुझ्याआधी सोडवायचा प्रयत्न करीन. त्यात तीस पानं कुणाच्या बालपणावर गेली तर फसवल्यासारखं वाटतं. शिवाय आणखी एक अडचण आहे जी आमच्या गटातल्या एका मुलीने फार छान मांडली, ती म्हणाली की बारा जणांमधला एकच जण नीट रंगवला असेल तर मला लगेच कळतं की खुनी हाच, लेखकाने उगीच एवढी मेहनत घेतली नसती. म्हणजे जिवंत व्यक्तिरेखेने रहस्यच फुटतं! यावर माझ्याकडे उत्तर आहे पण ते सिद्धांतात सांगून पटणार नाही, एक पुस्तक उघडूनच सांगावं लागेल.

ते पुस्तक म्हणजे विल्की कॉलिन्सचं ‘द मूनस्टोन’, १८६८ चं. टी. एस. एलियटने याला आधुनिक इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांमधली पहिली आणि सर्वांत चांगली म्हटलंय. गोष्ट आपल्याकडेच सुरू होते, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात एक इंग्रज अधिकारी देवाचा हिरा लुटतो, ज्याची मूळ जागा सोमनाथला, आणि पुढे तो हिरा यॉर्कशरमधल्या एका घरात रेचल व्हेरिंडर नावाच्या मुलीला अठराव्या वाढदिवसाला मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. पहिला मोठा भाग सांगतो तो घरचा म्हातारा कारभारी बेटरेज, सत्तरी ओलांडलेला, पाइप ओढत ‘रॉबिन्सन क्रूसो’ वाचणारा, आयुष्यातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच पुस्तकातून उत्तर काढणारा. कोडेवाल्यांच्या मते हे पाणीच. तपासाला येतो तो सार्जंट कफ, वाळकुडा, उदास चेहऱ्याचा, त्याला गुलाबांचं वेड आहे आणि आल्या आल्या तो माळ्याशी वाद घालतो की गुलाबांच्या वाफ्यांमधून खडीच्या वाटा नकोत, हिरवळीच्या हव्यात. हेही पाणी? थांबा जरा.

(ज्यांना हे पुस्तक अजून वाचायचंय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सरळ सोडून द्या, मनापासून सांगतेय.) सुरुवातीच्याच एका प्रकरणात बेटरेज कौतुकाने रेचलचं वर्णन करतो. म्हणतो, पोरीत एकच खोड, सगळं स्वतःच्या मनाने ठरवते. लहानपणी कुणा लाडक्या सोबत्याने चूक केली तर शिक्षा स्वतः भोगायची, पण त्याचं नाव घ्यायची नाही. खोटं मात्र कधी बोलली नाही, सरळ डोळ्यांत बघून मान हलवायची आणि म्हणायची, मी नाही सांगणार. आता हा परिच्छेद तुम्ही कसा वाचाल? बहुतेक जण भरभर वाचतात, म्हाताऱ्याचं कौतुक चाललंय म्हणून. मीही पहिल्यांदा तसाच वाचला होता. आणि पुढची शेकडो पानं ज्या प्रश्नाभोवती फिरतात तो प्रश्न काय, तर हिरा रेचलचा असून ती पोलिसांशी धड बोलायलाही तयार का नाही. उत्तर असं की तिने चोर पाहिलाय आणि तो तिच्या मनात बसलेला माणूस आहे. म्हणजे संपूर्ण कोड्याची किल्ली लेखकाने चोरीच्याही आधी आपल्या हातात ठेवली होती, फक्त स्वभाववर्णनात गुंडाळून. ज्याने पाणी म्हणून ते सोडलं त्याने पुस्तकातला सगळ्यात मोठा क्लू सोडला. आणि रेचलच्या जागी दुसरी कुठलीही, घाबरून लगेच बोलून टाकणारी मुलगी ठेवली तर कादंबरी त्याच दिवशी सकाळी संपते.

पुढची साखळी बघा. रेचलच्या मनात बसलेला तो माणूस म्हणजे फ्रँकलिन ब्लेक, तो त्या रात्री झोपेत चालत हिरा का उचलतो? कारण त्याला नकळत अफू दिली गेलीय. अफू का दिली? कारण जेवताना त्याने गावच्या डॉक्टरला डिवचलं, औषधशास्त्र म्हणजे अंधारात चाचपडणं वगैरे, आणि डॉक्टर दुखावला. पण वाद मुळात निघाला का? फ्रँकलिनला झोप येत नव्हती. झोप का येत नव्हती? त्याने सिगार एकदम सोडल्या होत्या. आणि सिगार का सोडल्या? रेचलला त्याच्या कपड्यांना येणारा वास सहन होत नाही असं ती म्हणाली होती. प्रेम, हट्टीपणा, दुखावलेला अभिमान, एकेक कडी माणसाच्या स्वभावाची, एकही कडी यंत्राची नाही. मग रोझॅना स्पीअरमन, पूर्वी चोरी केलेली, एक खांदा वाकडा असलेली मोलकरीण. ती गावात जाऊन गुपचूप कापड आणते. सार्जंट कफ हे शोधून काढतो, त्यातून ती नवा नाइटगाऊन शिवतेय हे काढतो, रंगाचा डाग पडलेलं वस्त्र लपवायचंय हे काढतो, सगळं बरोबर, आणि तरी निष्कर्ष चुकतो. त्याला वाटतं रेचलनेच कर्ज फेडायला हिरा दडवला आणि ही तिची साथीदार. का? कारण त्याच्या आयुष्यभराच्या अनुभवात घरंदाज मुलींची घरच्यांपासून लपवलेली कर्जं असतात. ही बाई फ्रँकलिनवरच्या प्रेमापोटी हे करतेय, ज्याने तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नाही, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. वस्तू तीच, कापड तेच, पण माणूस चुकीचा वाचला म्हणून पुरावा चुकीचा वाचला गेला. रोझॅना जीव देते आणि नंतर तिचं पत्र सापडतं, ते पत्र वाचताना मला हिऱ्याची आठवणही नव्हती, आणि तरी त्या पत्रातच तपासाचा सगळ्यात महत्त्वाचा दुवा आहे. दोन गोष्टी एकाच जागी. आता मला सांगा, इथे कोडं कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो?

आमच्या गटातल्या त्या मुलीला उत्तर हेच. एकच माणूस रंगवला तर रहस्य फुटतं हे खरं, पण त्यावर उपाय सगळे पुसट ठेवणं हा नाही, सगळ्यांना जीव देणं हा आहे. कॉलिन्सने सगळ्यांनाच जीव दिला, धर्माच्या पत्रिका वाटत फिरणारी मिस क्लॅकसुद्धा अशी उभी केली की ती काय बघते आणि काय बघायचं टाळते हे दोन्ही आपल्याला कळत राहतं, आणि मग संशय घ्यायला आपल्यासमोर घरभर माणसं असतात.

हे काही कॉलिन्सने हवेतून काढलं नव्हतं. १८६० मध्ये इंग्लंडमध्ये रोड हिल हाउस नावाच्या घरात चार वर्षांचाही नसलेला एक मुलगा मारला गेला. लंडनहून आलेला डिटेक्टिव्ह जॅक विचर याने एका हरवलेल्या नाइटगाऊनवरून त्या मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्स केंटवर संशय घेतला. देशभर गहजब झाला. घरंदाज मुलगी असं करेलच कशी, आणि एका साध्या घरातून आलेल्या पोलिसाची तिच्यावर बोट दाखवायची हिंमत कशी झाली. विचरचं नाव धुळीला मिळालं. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये तिने स्वतः कबुली दिली. पुरावा काय कमी होता? पण लोकांच्या डोक्यात ‘घरंदाज मुलगी’ नावाची एक सोंगटी होती, आणि सोंगटीला राग येत नाही, मत्सर वाटत नाही, तिला आतलं असं काही नसतंच. विचरने सोंगटीऐवजी एक मुलगी पाहिली. मला वाटतं सपाट व्यक्तिरेखांचा धोका हाच, त्या वाचकाला आधीच ठरवलेलंच बघायला शिकवतात.

आता ‘गंभीर’वाल्यांकडे येते. त्यांचा वकील अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन, १९४५ मध्ये त्याने न्यू यॉर्करमध्ये लेख लिहिला, शीर्षकाचा अर्थ साधारण असा की रॉजर अ‍ॅक्रॉइडला (म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीत ज्याचा खून होतो त्याला) कुणी का मारेना, कुणाला पडलीय. तक्रार अशी की पानंच्या पानं वाचायची आणि हाती काय तर एक नाव, आणि ज्यांच्यासाठी एवढं वाचलं ती माणसं कागदी. खरं सांगू, बऱ्याच पुस्तकांच्या बाबतीत तो बरोबर होता. पण त्याच विल्सनने होम्सच्या कथा मात्र साहित्य म्हणून मान्य केल्या. म्हणजे अडचण प्रकाराची नव्हती ना? वाईट पुस्तकं सगळ्या प्रकारांत असतात, वाईट कवितांचा ढीग बघून कुणी कविताच रद्द केली नाही.

सगळ्यात अवघड हरकत मात्र वेगळीच आहे आणि तिला मी झटकून टाकणार नाही. माणसं जवळजवळ नसलेली, पण मनापासून आवडलेली रहस्यपुस्तकं आहेत. फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हा रेल्वेतला इंजिनियर, त्याच्या इन्स्पेक्टर फ्रेंचचा चेहरा मला आठवत नाही पण गाड्यांच्या वेळापत्रकावरून तो एखाद्याची अलिबाय, म्हणजे ‘मी तेव्हा तिथे नव्हतोच’ हा दावा, कशी फोडतो ते बघण्यात एक वेगळा आनंद आहे. जपानमध्ये १९८० च्या दशकात तरुण लेखकांची एक लाटच आली जिने शुद्ध कोड्याकडे परत जायचं ठरवलं, त्यातली युकितो आयात्सुजी यांची १९८७ ची ‘द डेकॅगन हाउस मर्डर्स’ मी एका रात्रीत वाचली. त्यात कॉलेजच्या मुलांना एकमेकांत पाश्चात्त्य रहस्यलेखकांची नावं घेऊन हाका मारायची सवय आहे, म्हणजे लेखकच सांगतोय की हे मुखवटे आहेत, आणि त्या मुखवट्यांचाच पुढे वापर होतो. ते पुस्तक जमलंय. मग माझं म्हणणं पडलं? नाही, कारण तिथे सपाटपणा ही निवड आहे आणि कोड्याला तिची गरज आहे, एखादा चित्रकार ठरवून रंग टाळतो तसं. पण त्यावरून ‘रहस्यकथेत माणसं नकोतच’ असा नियम काढणं म्हणजे वडाची साल पिंपळाला. शिवाय एक फरक उरतोच. डेकॅगन हाउस मी पुन्हा उघडलं ते धागे कसे लपवले होते तेवढं बघायला, आणि ठेवून दिलं. मूनस्टोन मी चारदा वाचलंय, चोर कोण हे तीन वेळा आधीच ठाऊक असताना. उत्तर माहीत असलेलं कोडं कुणी पुन्हा का सोडवायला बसेल?

पण एक गोष्ट मलाही कोडेवाल्यांइतकीच खटकते. हल्ली रहस्यकादंबरी असो की वेबसिरीज, डिटेक्टिव्ह म्हटला की तो दारू पिणार, घटस्फोट झालेला असणार, मुलगी गेलेली असणार, रात्री झोप नसणार. याला लोक ‘स्ट्राँग कॅरेक्टर’ म्हणतात. यातलं काय तपासात वापरलं जातं? त्याचं दुःख त्याला दुसऱ्याच्या दुःखातलं काही दाखवतं का, जे इतरांना दिसत नाही? नसेल तर ते चिकटवलेलंच. ठसठशीत असणं आणि जिवंत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड, धनंजय हे इतके ठसठशीत होते की माझे बाबा सांगतात, लायब्ररीत लोक पुस्तकाचं नाव न घेता ‘नवीन झुंजार आलाय का’ असंच विचारायचे. एका अख्ख्या पिढीला वाचायची गोडी त्यांनी लावली, हे ऋण मोठं आहे आणि त्यांना हलकं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथे उठून दिसतो तो नायक, ज्याचा खून झाला तो माणूस बहुतेक वेळा बिनचेहऱ्याचाच राहतो, आणि मग रहस्यापेक्षा साहस जास्त हाती लागतं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं मात्र वेगळं वाटतं मला. त्याचं ते ‘ट्टॉक’ सगळ्यांना आठवतं, पण त्या आवाजामागे गप्प बसवत नाही असा एक किडकिडीत मुलगा आहे, आणि जिथे मोठी माणसं ‘जाऊ दे’ म्हणतात तिथे तो जात नाही म्हणूनच गोष्ट घडते. स्वभावातून कथानक निघालं की ते पोरांच्या पुस्तकातही कळतं.

शरदिंदु बंद्योपाध्याय यांचं उदाहरण तर आपल्या शेजारचंच. १९३२ पासून त्यांनी बंगालीत ब्योमकेश या डिटेक्टिव्हच्या कथा लिहिल्या, मग मुंबईला सिनेमासाठी आले आणि सुमारे पंधरा वर्षं ब्योमकेश बंदच होता. कोलकात्याच्या वाचकांनी मागणी केली म्हणून १९५१ च्या सुमाराला तो परत आला, आणि पुढच्या कितीतरी ब्योमकेशकथा त्यांनी पुण्यात राहून लिहिल्या. वाचक पंधरा वर्षं कशासाठी थांबले असतील? स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून न घेता ‘सत्यान्वेषी’ म्हणवणारा, तपासात भेटलेल्या सत्यवतीशी लग्न करणारा, संसार करणारा, वय वाढणारा एक माणूस त्यांना भेटायला हवा होता. तो घरातला माणूस आहे म्हणूनच दुसऱ्यांच्या घरातली कुजबुज त्याला कळते.

आणि आता परत रॉजर अ‍ॅक्रॉइडकडे, ज्याची विल्सनच्या मते कुणाला पडली नव्हती. अगाथा ख्रिस्तीची ती कादंबरी १९२६ ची. त्यात गावच्या डॉक्टरची बहीण आहे, कॅरोलिन, लग्न न झालेली, वयाने वाढलेली, घरातून न हलता दूधवाल्यापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांकडून गावातली प्रत्येक बातमी काढणारी. भाऊ तिला मुंगसाची उपमा देतो, जा आणि शोधून काढ हेच तिचं ब्रीद. शेवट सांगत नाही, पण शेवटची पानं वाचताना मला खुन्यापेक्षा जास्त काळजी लागली होती ती कॅरोलिनची, आता हिचं काय होणार, हिला हे कळणार का. १९२८ मध्ये लंडनला त्या कादंबरीचं नाटक झालं. नाटक करणाऱ्यांनी आमच्या गटातल्यांसारखाच विचार केला असावा, की कोडं तेच ठेवू, बाईचं काय एवढं, आणि कॅरोलिन काढून तिच्या जागी एक तरुण सुंदर मुलगी घातली, म्हणजे कादंबरीतल्या डिटेक्टिव्हला, प्वारोला, थोडं प्रेमात पडता येईल. ख्रिस्तीबाईंना याचं फार दुःख झालं, त्यांनी आत्मचरित्रात तसं लिहिलंय, त्या पुस्तकातली त्यांची सगळ्यात आवडती व्यक्ती तीच होती. त्याच ठिकाणी त्या हेही लिहितात की त्यांच्या दुसऱ्या डिटेक्टिव्हचं, मिस मार्पलचं बीज बहुधा कॅरोलिनमध्येच होतं. १९३० मध्ये मार्पलची पहिली कादंबरी आली. सेंट मेरी मीड नावाच्या लहानशा गावात एक म्हातारी विणकाम करत बसलीय, समोर कुणी खुनाची हकिकत सांगतंय, आणि ती म्हणते की हे ऐकून मला आमच्या गावातल्या अमक्याची आठवण झाली, तोही असंच वागला होता.